हौदातली माती

हाजराबीनं हौदाच्या तळाशी बसून गिलाव्यावर हातोडा इतक्या जोरात हाणला, की काठावर उभा असलेला दिलावर दचकून मागं सरला.

"अम्मा, हळू. अख्खी भिंत येईल."

"येऊ दे. बघू दे सगळ्या नेवाशाला, तुझ्या बापानं कसं बांधलंय ते."

हा हौद म्हणजे दानीएल मास्तरांचा जीव की प्राण. मिशनच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागं बाग केली आणि जर्मनची लढाई सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात मधोमध कमळांसाठी हौद बांधून घेतला. बांधला हाजराबीच्या नवऱ्यानं, अल्लाबक्ष गवंड्यानं. त्याला जाऊन दोन वर्षं झाली आणि यंदा हौद गळायला लागला. दिवसाला वीतभर पाणी उतरायचं. कमळं वाळली, तसे मास्तर भर बाजारात चार माणसांदेखत बोलले, "अल्लाबक्षनं माझा चुना खाल्ला."

एवढंच. पण शब्द मास्तरांचा होता. गवंड्याच्या पोराला मग गावात कुणी विचारेना. सहादेव पाटलानं तर ठरलेलं घराचं काम दिलावरकडून काढून शेवगावच्या माणसाला दिलं.

तीन महिने हाजराबी आतल्या आत धुमसत राहिली. तो चुना तिनं स्वतः रेड्यानं ओढायच्या दगडी घाणीत दळला होता. रेड्यामागं फिरून तिच्या टाचा फुटल्या होत्या. चुना घट्ट धरावा म्हणून गुळाचं न् बेलफळाचं पाणी तिनंच घातलं होतं. शेवटी आज सकाळी ती मास्तरांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"हौद मी नीट करून देते. पर चुना पक्का निघाला, तर ज्या बाजारात बोललात तितंच शबुद माघारी घ्यायचा."

"घेईन," मास्तर म्हणाले होते.

आता गिलाव्याचा मोठा पापुद्रा सुटून खाली आला. मागं दगड दिसले. हाजराबीनं दोन दगडांमधल्या सांध्यात बोट घातलं. बोट दोन पेरं आत गेलं. तिनं ते बाहेर काढून पाहिलं. काळी माती. तिनं दुसरा सांधा उकरला, मग तिसरा. वरचा गिलावा तेवढा चुन्याचा. आत सगळी माती.

दिलावर खाली उतरला. त्यानं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"वरनं चुना मारू, अम्मा. कुनाला कळतंय?"

हाजराबीला ऐकू गेलं नाही. त्याच उन्हाळ्यात अल्लाबक्षनं तिच्या आईची कबर पक्की बांधून दिली होती. तिनं त्याचे हात कपाळाला लावले होते. घाणीतला चुना कामावर तोच नेत असे. कबरीला चुना कुठून आणला, हे तिनं विचारलं नव्हतं.

"मास्तरांना बोलव."

"अम्मा..."

"बोलव म्हनते ना!"

मास्तर काठी टेकत आले, वाकले. आधी मातीकडं पाहिलं, मग हाजराबीच्या तोंडाकडं.

"मुळ्यांनी पोखरलेलं दिसतंय," ते म्हणाले. "मीच उगाच बोललो. उद्या बाजारात सांगतो तसं."

दिलावरनं श्वास सोडला. हाजराबीनं मात्र ओंजळभर माती उचलली आणि काठावर मास्तरांच्या वहाणांपुढं आपटली.

"मुळ्या न्हाईत, मास्तर. माती हाय. नीट बघा. मला भीक नका घालू."

"हाजराबी, माणूस गेला आता."

"गेला म्हनून वाचला! असता तर मानगूट धरून आनला असता हितं." तिचा आवाज फाटला. "चुना कुठं गेला, त्ये बी मला ठाव हाय."

कुठं, ते मास्तरांनी विचारलं नाही.

हाजराबीनं पदर खोचला आणि पहार उचलली. "दिलावर, त्या टोकापासनं काढ. एक दगड ऱ्हाऊ द्यायचा न्हाई. सगळा नव्यानं बांधायचा. घाणी हितंच मांडायची, मास्तरांच्या डोळ्यांदेखत."

"मी बघायला येणार नाही," मास्तर हळूच म्हणाले. "तुम्ही बांधा." आणि ते घराकडं वळले.

"यायचं!" हाजराबी त्यांच्या पाठीवर ओरडली. "रोज यायचं, अन् दर सांध्यात बोट घालून बघायचं!"

मास्तर थांबले. तिनं पहार सांध्यात घुसवली आणि अंगातलं सगळं बळ लावून पहिला दगड खाली पाडला.