सूज उतरल्यावर

धाकटीने सातवा फर्मा उचलला, एक पाऊल पुढे सरकली आणि थांबली. सातवा घेतला की घ्यायचाय, ते तिला आठवेना. हातातल्या चळतीकडे नुसतं खाली बघितलं असतं तरी कळलं असतं. पण मान वाकवणं हेही एक काम होतं. तिने हात मागे नेऊन सातवा पुन्हा उचलला, आणि आठव्याला वळसा घालून नवव्यापाशी गेली.

जुळणीचं टेबल लांबलचक होतं. छापून, घड्या घालून आलेले पुस्तकाचे फर्मे त्यावर ओळीने मांडलेले. टेबलाभोवती फिरत एकेक उचलायचा. फेरी संपली की एक पुस्तक तयार, की लगेच पुढची फेरी. दिवसभर चालून माणूस कुठेही पोहोचत नाही, असं ते काम.

"काय गं, चक्कर येतेय का?" थोरली जाऊ शिलाईच्या मशीनवरून ओरडली. बाइंडिंगचा कारखाना कागदोपत्री थोरल्या दिरांचा होता. चालवायची थोरली.

"नाही ताई."

"दुखतंय कुठे?"

"नाही."

"मग?"

या 'मग'ला धाकटीकडे उत्तर नव्हतं. ती पुढच्या फेरीला लागली.

दोन वर्षांपूर्वी उत्तर होतं, आणि ते लांबूनही दिसायचं. बोटं गाजरासारखी सुजली होती, मनगटं गरम असत, सकाळी बटणं नवऱ्याने लावायची. डॉक्टरांनी संधिवात सांगितला. म्हातारपणी होतो तो नव्हे, शरीर आपल्याच सांध्यांवर चालून जातं तो. त्या काळात धाकटीची मोठी वट होती. कारखान्यात कोणी तिला गठ्ठा उचलू देत नसे. थोरलीने स्वतः तिला जुळणीवरून काढून तपासणीच्या स्टुलावर बसवलं होतं. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण छापलेली असते, आणि जुळलेल्या पुस्तकात त्या खुणा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उतरत जातात. एखादी पायरी गाळलेली दिसली, की पुस्तक बाजूला काढायचं. बसून करायचं काम. धाकटीच्या नजरेतून पायरी सुटत नसे.

मग गोळ्या लागू पडल्या, त्याला इंजेक्शनची जोड मिळाली, आणि सूज उतरली. हात असे झाले की साबणाच्या जाहिरातीत खपले असते. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून तिचं अभिनंदन केलं, जणू ती पहिल्या वर्गात पास झाली होती.

"थकवा वाटतो," ती म्हणाली.

"राहतो काहींना," डॉक्टर म्हणाले. "सांधे शांत झाले, रक्त चांगलं आलं, तरी मागे राहतो. रोज थोडं थोडं चालत जा, झेपेल तेवढं. मध्ये मध्ये बसत जा."

एवढ्या बोलण्यातून नवऱ्याच्या लक्षात 'चालत जा' राहिलं. तेच थोरलीपर्यंत पोहोचलं.

"चालायला सांगितलंय ना? मग जुळणीच घे," थोरली म्हणाली. "व्यायामही होईल आणि कामही. बाहेरच्या लोकांना असा व्यायाम फुकट मिळत नाही."

स्टूल गेलं.

थकव्याची एक अडचण असते. तो बोलून दाखवला, की समोरचा आपला काढून दाखवतो. नवरा म्हणाला, "मी काय कमी दमतो?" सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी दमायला वेळ तरी होता का?" कटिंगवाले काका म्हणाले, "वहिनी, हल्ली हवाच तशी आहे." सगळ्यांचं खरं होतं. सगळे दमत आणि झोपून उठले की त्यांचं भागत असे. धाकटी रात्रभर झोपून सकाळी दमलेली उठे. दात घासून झाले की पलंगाच्या कडेला बसे आणि ब्रश हातातच असे. वाईट वाटत नसे. काहीच वाटत नसे. आत कोणीतरी भिजलेलं गोणपाट पसरून ठेवलंय आणि ते आपणच आहोत, एवढंच.

आठवड्याअखेर थोरलीला टेबलावर आठव्या फर्म्याची चळत उरलेली सापडली. बाकी सगळे गठ्ठे संपलेले. पुस्तकं तर बांधून रवाना झालेली. त्यांची तपासणी धाकटीच्या जागी स्टुलावर बसवलेल्या नव्या पोरीने केली होती, आणि तिच्या लेखी सगळे जिने सारखेच होते.

"ताई, पुस्तक कशावरचं होतं?" काकांनी विचारलं.

"यशस्वी कसं व्हावं."

"मग राहू द्या. कोण मोजतंय."

खरोखरच एकाही वाचकाची तक्रार आली नाही. लेखकाचीही नाही. पण थोरलीला तक्रारीची गरज नव्हती.

"लक्ष कुठे असतं तुझं?" ती धाकटीला म्हणाली. आवाज चढवला नाही, हे जास्त वाईट. "जमत नसेल तर स्पष्ट सांग. घरी आराम कर. मी जुळणीला दुसरी बाई बघते. भाऊजींना मी समजावते."

"जमतं मला."

"हे असं?"

आजारपणाचे पहिले महिने धाकटीने घरी आराम केला होता. छताला एक तडा होता, तो तिला तोंडपाठ झाला होता. कारखान्यात निदान संध्याकाळी म्हणता येई, की कामाने दमले. घरी तेवढंही कारण उरलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तिने कपाटातून मनगटाचा पट्टा काढला. सूज असतानाचा, आत पत्र्याची पट्टी असलेला. उजव्या हाताला बांधला आणि कामावर गेली. कोणाला काही सांगितलं नाही. सांगावं लागलंच नाही.

"अरे देवा, पुन्हा?" काका मशीन बंद करून आले. नव्या पोरीने न सांगता पाणी आणलं. थोरलीने पट्ट्याकडे पाहिलं, मग धाकटीकडे, आणि पायाने स्टूल पुढे सरकवलं.

"बस," ती म्हणाली.

धाकटी बसली. दुपारपर्यंत तिने चुकलेली सहा पुस्तकं बाजूला काढली. संध्याकाळी नवऱ्याने स्वयंपाकघरातून तिला हाताला धरून बाहेर आणलं आणि स्वतः भांडी घासली. इतके महिने खरं बोलून जे जमलं नव्हतं, ते एका पट्ट्याने एका दिवसात करून दाखवलं. तिला शरम वाटायला हवी होती. ती वाटेल म्हणून तिने थोडा वेळ वाट पाहिली, आणि मग झोप लागली.

असे बरेच दिवस गेले. पट्टा रोज बांधायचा, रोज सोडायचा.

मग एका संध्याकाळी सगळे हातपाय धुऊन निघून गेल्यावर थोरली स्टुलापाशी आली. हातात कुलूप होतं.

"आज डावा आहे," ती म्हणाली.

धाकटीने खाली पाहिलं. पट्टा डाव्या हाताला होता. सकाळी आपण कोणत्या हाताला बांधतोय याकडे लक्ष द्यायचं राहून गेलं होतं. दिवसभर तो तसाच होता, दिवसभर सगळ्यांनी तिला तशीच सहानुभूती दिली होती, आणि कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तिच्याही.

"खोटं बोलायचं, तर एकाच हाताने बोलावं," थोरली म्हणाली.

धाकटीने पट्टा सोडला आणि टेबलावर ठेवला. दोन्ही हात मांडीवर घेतले. सरळ, सडपातळ बोटं. थोरलीने एक हात उचलून उलटसुलट पाहिला, बाजारात वस्तू पाहावी तसा.

"चांगलाय की."

"हो."

"मग काय होतं तुला?"

आताचा 'मग' तिने हळू विचारला होता. धाकटीने प्रयत्न केला.

"काही होत नाही, ताई. म्हणजे काहीच होत नाही. मी उठते, येते, हात चालतात. मी नसते तिथे."

थोरलीच्या चेहऱ्यावर, बिलात न बसणारी रक्कम पाहावी तसा भाव होता.

"मला नाही कळलं," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"आणि मला कळलं नाही, तर या बाकीच्यांना काय कळणार? भाऊजींना तर नाहीच."

"उद्यापासून जुळणी घेते," धाकटी म्हणाली. "नाहीतर घरी राहते. तुम्ही म्हणाल तसं."

"शहाणीच आहेस. तुझ्याशिवाय तपासणी कोण करणार? ती पोरगी?" थोरलीने कुलूप टेबलावर आपटलं आणि पट्टा उचलला. "पट्ट्याशिवाय तुला इथे बसवलं, तर उद्या प्रत्येकाला स्टूल लागेल. प्रत्येकाला मी काय सांगू? आण इकडे हात. उजवा."

धाकटीने उजवा हात पुढे केला. थोरलीने पट्टा चढवला, पत्र्याची पट्टी नीट तळहाताखाली बसवली आणि शिलाईचा दोरा ओढावा तसे बंद जोर लावून ओढले. ते जरा जास्तच आवळले गेले.

"घट्ट झालं?"

मनगटात कळ उठली. बारीकशी, पण खरी. बोट ठेवून दाखवता येईल अशी.

"नाही," धाकटी म्हणाली. "राहू द्या तसंच."