अंतरा कोणाचा?

प्राध्यापक नीळकंठ धर्माधिकारींनी पाकीट फोडलं, स्वरलिपीचा कागद पेटीवर उभा केला आणि अंतरा वाजवून बघितला. मग पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा वाजवताना त्यांचा चेहरा असा काही झाला की स्नेहलताबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"काय झालं हो? वाईट बातमी आहे का?"

"अंतरा चांगला आहे."

"मग?"

"गजेंद्रला इतका चांगला जमत नाही."

गजेंद्र खर्चे मलकापूरला शाळेत संगीत शिकवायचा. अमरावतीला दोघं एकाच गुरूंकडे शिकले. पुढे नीळकंठराव चिखलीच्या कॉलेजात प्राध्यापक झाले, पण पत्रं सुटली नाहीत. नीळकंठरावांनी बंदिशीची अस्ताई, म्हणजे पहिला भाग, रचून पाठवायची, गजेंद्रनं अंतरा रचून परत धाडायचा. पत्रात दोघं एकमेकांना मनसोक्त शिव्या द्यायचे. त्यातूनच पेटीभर बंदिशी जमल्या होत्या आणि आता त्यांचं पुस्तक निघायचं होतं.

गजेंद्रचा अंतरा नीळकंठराव डोळे मिटून ओळखत. राग कोणताही असो, पठ्ठ्या पहिल्याच ओळीत वरच्या सा वर उडी मारून मोकळा व्हायचा. आणि हा बागेश्रीतला अंतरा धैवतावर घुटमळत होता. कोमल निषादाला हळूच हात लावून मागे फिरत होता. वरचा सा आला तो अगदी शेवटच्या ओळीत, तोही ओझरता. वर्षभरातले अंतरे त्यांनी काढून बघितले. सगळे असेच, हलक्या पावलांचे.

कोणीतरी दुसराच रचत होता. एखादा हुशार शिष्य असेल. पुस्तकावर नाव मात्र गजेंद्रचं लागणार.

त्यांनी फोन लावला. गजेंद्रच्या बायकोनं, सिंधूताईंनी उचलला.

"ते आंघोळीले गेले, भाऊजी."

दुसऱ्या दिवशी तो झोपला होता. नंतर बाजारात गेला होता. नीळकंठरावांनी आठवून बघितलं, तर वर्षभरात गजेंद्रचा आवाज त्यांनी ऐकलाच नव्हता. सिंधूताई बोलताना अडखळायच्या आणि घाईनं फोन ठेवायच्या. आता संशयाला पाय फुटले. कदाचित गजेंद्र अंथरुणाला खिळला असेल आणि पत्रंसुद्धा दुसराच कोणी लिहीत असेल. अक्षर त्याचंच दिसत होतं, पण अक्षर काय, घोटून घोटून कोणालाही जमतं.

मग त्यांनी एक युक्ती केली. पत्रात सहज लिहिल्यासारखं लिहिलं, "अमरावतीच्या संमेलनात माझं गाणं ऐन रंगात आलं आणि तुझ्या व्हायोलिनची तार तुटली, आठवतं ना?" गजेंद्र तेव्हा साथीला व्हायोलिन वाजवायचा खरा, पण असं कधी घडलंच नव्हतं. खरा गजेंद्र असता तर चिडून चार पानं लिहिली असती.

उत्तर आलं, "आठवते तर! लोकं कसे हासले होते."

नीळकंठरावांनी पत्र स्नेहलताबाईंपुढे धरलं. "बघ. सापडला चोर."

"आधी जाऊन तर बघा," बाई म्हणाल्या. "माणूस आहे की नाही, ते तरी कळेल."

सकाळच्या एसटीनं ते निघाले. राजूरचा घाट उतरेपर्यंत त्या तोतयाला काय काय सुनवायचं, हे त्यांनी मनात घोळवून ठेवलं होतं.

दार सिंधूताईंनी उघडलं. त्यांना पाहताच बाईंचा रंग उडाला. आत खिडकीजवळ गजेंद्र पाठमोरा बसून कागदावर काही लिहीत होता. चांगला धडधाकट.

"गजेंद्र!" नीळकंठरावांनी हाक मारली. तो वळला नाही. जवळ जाऊन पुन्हा ओरडले, तरी तो लिहीतच राहिला. सिंधूताईंनी पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा कुठे त्यानं वर पाहिलं.

"ऐकू येत नाही त्यायले," सिंधूताई हळूच म्हणाल्या. "दोन्ही कान गेले. मशीन लावून पाह्यली, नाही जमली. तुमाले सांगू नको म्हने. नीळ्याले समजलं तर तो कीव करन अन् बंदिशी पाठवनं बंद करन."

नीळकंठराव त्याच्यासमोर बसले. गजेंद्रनं त्यांच्यापुढे वही सरकवली. "लिही. बोलून काही फायदा नाही."

नीळकंठरावांनी लिहिलं, "तार तुटल्याचं आठवतं असं का लिहिलंस? ती कधी तुटलीच नव्हती."

गजेंद्रनं वाचलं आणि त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. "मले मालूम आहे. मले वाटलं तुह्यं डोस्कं चालेनासं झालं. आता म्हाताऱ्याले काऊन दुखवा, म्हनून हो म्हनलं." मग त्याच्या ध्यानात आलं. "म्हंजे तू मले तपासून राह्यला होता बे?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. नीळकंठरावांनी लिहिलं, "अंतरे तुझ्यापेक्षा चांगले होते. म्हणून संशय आला."

गजेंद्रनं ते दोनदा वाचलं. त्याचा चेहरा पडला.

"म्हंजे आतापर्यंत पाठोले ते बेकार होते?"

खोटं लिहायला पेन उचललं होतं, पण हात वळेना. "बरेचसे," त्यांनी लिहिलं.

मग गजेंद्र हसला, आणि स्वतःचा आवाज कळत नसल्यानं तो इतका मोठ्यानं हसला की सिंधूताई दचकल्या.

"खरं हाय, नीळ्या. पहिले पेटी घेऊन बसो. बोटं सवयीनं जिकडं जात, तेच लिहो. आता पेटी ऐकूच येत नाही. मनात जे वाजते, तेच लिहतो."

नीळकंठरावांना त्याची कीव आली नाही. त्यांना त्याचा हेवा वाटला, आणि हे मात्र त्यांनी वहीत लिहिलं नाही.

त्यांनी पिशवीतून पुस्तकाचे कागद काढले. जुने अंतरे ठेवायचे की नव्यानं रचायचे, यावरून जुंपली. नीळकंठराव लिहायचे, गजेंद्र ओरडायचा. त्याचं ओरडणं ऐकून शेवटी नीळकंठरावही लिहायचं विसरून ओरडू लागले. दुपारची गाडी गेली, त्यानंतरचीही गेली. शेजारची बाई घाबरून दारात आली.

"काही नाही वो," सिंधूताई म्हणाल्या, "गानं चालू आहे," आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.