डिझेलखालचं पाणी

आमच्या ट्रकयार्डात एका गृहस्थाचं नाव चकाचक पडलं होतं. बारा वर्षं दुसऱ्याच्या गाड्या हाकून त्याने स्वतःची एक जुनी गाडी घेतली, आणि तेव्हापासून तो तिला एक दिवसाआड अंघोळ घालत होता. स्वतःच्या अंघोळीच्या बाबतीत हा माणूस इतका काटेकोर नाही, असं त्याची बायको सांगे. नवऱ्याबद्दलचं बायकोचं मत खोडून काढणारा मी कोण?

यार्डामागच्या दोन खोल्यांत ते राहत. तीन महिन्यांपूर्वी त्याच्या सासूबाई कायमच्या राहायला आल्या. त्यांनी अठ्ठावीस वर्षं बस डेपोच्या डिझेल भांडारात नोकरी केली होती. बाई कमी बोलायच्या. जावई त्याहून कमी. "आई, चहा झाला?" "झाला. तुमचा?" दिवसभराची देवघेव एवढीच. भांडण नाही, तंटा नाही, आणि खरं सांगायचं तर ओळखही नाही.

अशात चकाचकला कोंबडीची पिल्लं पोहोचवण्याचं काम मिळालं. एक दिवसाची पिल्लं, चार हजार, पाच तासांचा रस्ता. पिल्लं उबवणाऱ्या बाईंनी त्याला बजावून ठेवलं होतं, "पहिली खेप नीट झाली तर वर्षभराचं काम तुमचं. वाटेत गाडी बंद पडली तर मला फोनसुद्धा करू नका. पेट्यांतली पिल्लं उन्हात मेकॅनिकची वाट बघत बसत नाहीत." हे काम हातचं गेलं तर गाडीचे हप्ते थकणार आणि चकाचक पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर चढणार, हे यार्डात सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिल्याच दिवशी छाप पडावी म्हणून त्याने आदल्या संध्याकाळी यार्डाच्या टोकाला नेऊन गाडी धुतली. पाण्याच्या फवाऱ्याचा जोर असा, की भिंतीचा रंग उडावा. चाकं झाली, दारं झाली, मग डिझेलची टाकी. टाकीच्या झाकणाभोवती काळा थर बसला होता, तिथे त्याने फवारा धरला तो धरलाच. नंतर गाडी जागेवर आणून लावली, दोन पावलं मागे सरून नव्या नवरीकडे बघावं तशी बघितली आणि जेवायला गेला.

सकाळी साडेपाचला तो गाडीत चढला, तर समोर सासूबाई उभ्या. एका हातात रिकामी काचेची बाटली, दुसऱ्या हातात बादली.

"जावईबापू, चावी फिरवू नका."

"आई, आज नको. उशीर होतोय."

"चावी काढा म्हणते ना!"

तीन महिन्यांत बाईंचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. माझी गाडी शेजारीच होती. मी आरसा पुसायचा थांबलो. चकाचकने चावी काढली. सासू रागावली म्हणून नव्हे, चकित होऊन.

टाकी आणि इंजिन यांच्या मध्ये एक फिल्टर असतो. त्याच्या तळाशी वाटी असते आणि वाटीला बारीकशी तोटी. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते त्या वाटीत साचतं. बाई गुडघा टेकून खाली वाकल्या, बाटली धरली आणि तोटी सैल केली. बाटली भरली तशी त्यांनी ती उजेडात धरली. वर पिवळसर डिझेल, खाली चार बोटं पाणी, मध्ये आखल्यासारखी रेघ.

"बाटली धुऊन आणली असेल तुम्ही. तेच पाणी असेल," चकाचक म्हणाला.

"चार बोटं? मला काय बाटली निथळता येत नाही?" बाई म्हणाल्या. "ही नुसती वानगी आहे. काल धुतल्यावर गाडी तिथून इथे आणलीत, तेवढ्यात इतकं ओढलं गेलं. बाकीचं टाकीत बसलंय. रात्रभर गाडी हलली नाही, म्हणून तळाशी तरी आहे. आता चालू केलीत की घुसळण झालीच."

मग त्यांनी टाकीखालचं बूच सैल केलं. बादलीत आधी पाणी आलं, मग गढूळ, शेवटी स्वच्छ डिझेल. पाणी दीड-दोन तांबे तरी निघालं असेल. चकाचकचा चेहरा आता बघण्यासारखा होता. हे पाणी पंपात आणि इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलमध्ये गेलं असतं, तर गाडी वाटेत थांबली असतीच, वर दुरुस्तीही अशी निघाली असती की गाडी विकूनच ती करावी.

"पण आलं कुठून?" त्याने विचारलं.

बाईंनी टाकीचं झाकण उलटं करून दाखवलं. आतला रबरी वॉशर वाळून फुटला होता. "काल खिडकीतून बघितलं मी. फवारा थेट इथेच होता."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"जावयाच्या कामात सासूने नाक खुपसावं का, हा विचार करत बसले. रात्र गेली त्यात. चूक माझीही आहे."

बूच चकाचकनेच घट्ट केलं, आणि बाईंनी दाखवलं तसा फिल्टरवरचा हातपंप मारून फिल्टरमधली हवा काढली. माझ्याकडचं जादाचं झाकण मी दिलं. ते मी अजून परत मागितलेलं नाही, याची नोंद असावी.

एवढ्यात बायको दारात आली. "अजून इथेच? काय झालं?"

चकाचकने मान खाली घातली. बाई पदराला हात पुसत म्हणाल्या, "काही नाही गं. मीच जरा बोलत बसले."

तीन महिन्यांत कधी न बसलेल्या! बायकोने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि शहाणपणाने आत गेली.

पुढचं मला त्यानेच नंतर सांगितलं. पाऊण तास उशिरा निघाल्यावर त्याने उबवणीवाल्या बाईंना फोन लावला. थाप तयार होती: टायर पंक्चर. पण तोंडातून निघालं ते खरंच. "माझ्याच चुकीने डिझेलमध्ये पाणी गेलं होतं. सासूबाईंनी पकडलं. काढून निघालोय."

"सगळं काढलंत ना? मग या," उबवणीवाल्या बाई म्हणाल्या. "मागचा ड्रायव्हर अगदी वेळेवर आला होता, आणि निम्म्या वाटेत गाडी बंद पडून बसला. पिल्लं आत गारव्यात आहेत."

दुपारी पेट्या उतरल्या. दोन पिल्लं गेली होती, बाकी सगळी किलबिल करत होती. घेणाऱ्याने सही केली, आणि उबवणीवाल्या बाईंनी फोनवरच पुढल्या गुरुवारची खेप सांगून टाकली. चकाचकने लगेच घरी फोन लावला.

"पोहोचलो. काम मिळालं. आईंना दे जरा."

"कोणाला?" बायकोला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

बाईंनी फोन घेतला. इकडे चकाचकने तीनदा घसा साफ केला. एवढ्या वेळात एक खेप झाली असती.

"आई, आज तुम्ही नसतात, तर मी रस्त्यात उभा असतो."

"मी नसते, तर वेळेवर निघाला असतात."

"हो. आणि उभाही वेळेवर राहिलो असतो."

पलीकडे बाई हसल्या. ते हसणंही त्याने पहिल्यांदाच ऐकलं. मग त्याने एका दमात सांगितलं, की तुमचे उपकार आहेत, की गाडी वाचली, घर वाचलं, की मी तुम्हाला कधी धड काही विचारलंच नाही.

बाई फोन तोंडापासून दूर धरून, पण त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "अगं, इकडे ये. तुझा नवरा बोलतो की!"