लाल टाकीतली हवा

येल्काबाईंना देल्नित्सेतलं आपलं घर सोडायचं नव्हतं, पण घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरनं हट्ट धरला होता. तापला की दाबाचा काटा चढायचा, सुरक्षा व्हॉल्व्हमधून पाणी गळायचं. निवला की काटा तळाला. रोज सकाळी पाणी भरून बाई अगदी टेकीला आल्या होत्या. जावई त्वर्त्को रियेका शहरातून आला, तापून फुगलेल्या पाण्याला हवेची उशी देणाऱ्या लाल टाकीला घाईघाईत दाब मोजायचा गेज लावला आणि निकाल देऊन मोकळा झाला. "टाकीत हवा भरपूर आहे. बॉयलरच गेलाय. आई, आता आमच्याकडेच राहायचं."

लेकीच्या, यास्नाच्या, गळ्यातलं लोढणं व्हायचं, या विचारानं बाईंची झोप उडाली. शेवटी निघायच्या दिवशी त्यांनी हळूच नेवेन्काला बोलावलं. गावातले निम्मे बॉयलर तिच्या हाताखालून गेलेले, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची.

"काकू, कॉफी ठेवा," बॉयलरमधलं पाणी नळीतून बाहेर सोडत ती म्हणाली.

"टाकी तपासलीय मी," त्वर्त्को म्हणाला.

"पाणी काढून?"

"त्याची काय गरज?"

"वा, जावईबापू! टाकीतल्या हवेला पलीकडून पाणी रेटतंय, मग गेज त्याचाच जोर दाखवणार ना? कॉफी घेतली होतीत का त्या दिवशी?"

नव्हती घेतली. इकडे कॉफीआधी कुणी हत्याराला हात लावत नाही, आणि कॉफी निवांत संपेपर्यंत पाणीही उतरतं. शहरात राहून त्वर्त्को तेवढंच विसरला होता.

कप रिकामे झाले. नेवेन्कानं टाकीला गेज लावला. काटा हललाच नाही.

"टाकीच्या हवेच्या व्हॉल्व्हमधून पाणी येत नाही, म्हणजे आतला रबरी पडदा शाबूत आहे. नुसती हवा गेलीय."

तिनं पंपानं हवा भरली, पाणी भरलं, बॉयलर पेटवला. काटा जरासा चढला आणि शहाण्यासारखा थांबला.

बाई जावयाकडे वळल्या. "बॉयलर धड आहे, हे तुला ठाऊक होतं?"

"शपथ, नव्हतं." त्वर्त्कोचा चेहरा उतरला. "पण तुम्ही येणार म्हणून यास्नानं खोली रंगवलीय हो. स्वतःच्या हातानं. आता तिला काय सांगू?"

बाईंचा राग कुठल्या कुठे गेला. लोढणं म्हणे! त्यांनी डोळे पुसले आणि घराची किल्ली नेवेन्काच्या हातात दिली.

"रोज येऊन बघत जा गं, घर गार पडू देऊ नकोस. मी लेकीकडे चाललेय. पाहुणी म्हणून."