चार वीत दार

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. काही ठिकाणी तर माझाही बसत नाही. तरी ऐका, कारण तुम्ही माझ्याच अंगावर बसला आहात, आणि ज्याच्यावर बसलो त्याचे दोन शब्द ऐकून घ्यावेत अशी रीत आहे.

लोकांनी वर्गणी काढून बांधलेल्या या दवाखान्याची मी जुनी ट्रॉली. रोग्याला आडवं घालून नेतात ना, ती. आता मुलांच्या वॉर्डाबाहेर, व्हरांड्यात, मला बाक म्हणून ठेवलं आहे आणि चाकं पट्टीने बांधून टाकली आहेत. पट्टी जखमेला बांधतात. मला कुठे जखम होती? मला फक्त जायचं असतं. कुठे, ते विचारू नका. इथून तिथे, आणि तिथे पोचलं की परत इथे.

हा स्वभाव जन्माचाच. कपाटं बनवणाऱ्या कारखान्यात माझा जन्म झाला. कारागिराने चौकट जोडली, पांढरा रंग दिला, तीन चाकं एका मापाची बसवली आणि चौथं मिळेना म्हणून खोक्याच्या तळातलं एक बुटकं चाक ठोकून दिलं. तेव्हापासून मी डावीकडे ओढते. शेजारची कपाटं म्हणायची, "अगं, जरा एका जागी उभी राहा की!" कपाटांचं काय जातं? त्यांना कुठे जायचं असतं?

दवाखान्यात आले आणि बघता बघता माझं नाव झालं. नाव झालं म्हणजे काय, लांबून चाकाची कुरकुर ऐकू आली की लोक भिंतीला चिकटायचे. एकदा तापाने फणफणलेल्या शिंप्याला घेऊन मी इतक्या जोरात धावले, की शिंपी पुढे पोचला आणि त्याचा ताप मागेच राहिला. मागे बाकावर कंपाउंडर डुलक्या काढत होता, त्याला तो चढला. तीन दिवस रजेवर होता बिचारा. हवं तर हजेरीचं पुस्तक बघा. उंदरांनी खाल्लं नसेल तर सापडेल.

मला ढकलणारे हात पुष्कळ झाले, पण मी जिवाची माणसं मानते ती दोनच. एक डॉक्टर, पोटाची ऑपरेशनं करणारे सर्जन. दुसऱ्या बाई, त्यांच्या पत्नी, ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टर. तीस वर्षं टेबलाच्या कडेला ते आणि रोग्याच्या डोक्याशी त्या. डॉक्टरांना एक खोड होती. ते सगळं हाताने मोजायचे. चीर किती घ्यायची? चार बोटं. टाका केवढा? नखाएवढा. घरी चहासुद्धा दोन बोटं मागायचे. "माझ्या हाताचं माप आजवर चुकलेलं नाही," असं ते म्हणायचे. बाई म्हणायच्या, "भाजीत मीठ तेवढं तुम्ही घालू नका."

दोघं निवृत्त झाले, आणि त्याच वर्षी ऑपरेशन थिएटरच्या छताचा पोपडा अवजारांच्या ताटात पडला. तपासणीला साहेब आले, मान हलवून गेले आणि थिएटरला कुलूप लागलं. मग माझं काम एवढंच उरलं, की रोग्याला फाटकापर्यंत न्यायचं आणि ॲम्ब्युलन्सच्या हवाली करायचं. मोठं इस्पितळ तीन तासांवर.

इथे मी थट्टा करणार नाही. एका बाईला मी असंच फाटकापर्यंत नेलं. पोटात बाळ आडवं आलं होतं. तिने माझा दांडा इतका घट्ट धरला होता, की एकेक बोट सोडवावं लागलं. संध्याकाळी ॲम्ब्युलन्स परत आली ती तिच्या नवऱ्याला घेऊन. एकट्याला. त्यानंतर मला फाटकापाशी उभं राहवेना. ब्रेक लावला तरी मी सरकायचे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आणि बाई आले. कुलपाकडे बघत दोघं माझ्यावरच टेकले, म्हणून मला सगळं ऐकायला मिळालं.

"बंगल्याच्या सहा खोल्या," बाई म्हणाल्या. "चार खोल्यांत तुम्ही चष्मा शोधता आणि उरलेल्या दोन खोल्यांत मी तुम्हाला."

"बरं, मग?"

"मग विकून टाकू. नवं थिएटर बांधू. दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, तिथे राहू."

डॉक्टर म्हणाले, "आणि माझी झाडं?"

"कुंड्या नेऊ की."

"तीस वर्षांचं झाड कुंडीत मावत नाही गं."

"आणि तिला तीन तास पुरले का?" बाई म्हणाल्या. डॉक्टर उठले आणि कुलूप हाताने ओढून बघितलं.

बंगला विकला गेला. दवाखान्याचं मंडळ म्हणालं, दारावर तुमच्या नावाची संगमरवरी पाटी लावू. बाई म्हणाल्या, "पाटी नको. बिजागऱ्यांना तेल घालत जा, तेवढं पुरे."

बांधायला जो गवंडी आला, तो अंगाने इवलासा आणि हाताने त्याहून. सगळे त्याला टिचकी मिस्त्री म्हणत. काम मात्र देखणं. थिएटरच्या दाराची जागा दाखवून डॉक्टर म्हणाले, "इथे चार वीत ठेवा, मिस्त्री," आणि निघून गेले. मिस्त्रीच्या खिशात टेप होता. पण एवढ्या मोठ्या माणसाने वीत सांगितल्यावर टेप काढायचा, म्हणजे त्यांच्या शब्दावर शंका घ्यायची! त्याने आपली वीत पसरली. एक, दोन, तीन, चार.

दाराची चौकट बसली तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "ट्रॉली एकदा आत नेऊन बघा."

"अगं, माप मी दिलंय," डॉक्टर म्हणाले. झालं! मोठ्यांच्या बोलण्यात ट्रॉलीला कोण विचारतो?

उद्घाटनाला आठ दिवस होते. नव्या सर्जन डॉक्टरीणबाई रुजू झाल्या होत्या, दिवे लागले होते, टेबल धुऊनपुसून तयार होतं. त्या सकाळी मिस्त्री दाराची कडी बसवायला आला आणि दारापर्यंत पोचायच्या आधीच, कडी हातात घेऊन व्हरांड्यात खाली बसला.

"काही नाही, पित्त झालंय," तो म्हणाला.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"परवापासून. म्हटलं, उद्घाटन झालं की बघू."

डॉक्टरांनी त्याच्या पोटावर दोन बोटं दाबली आणि झटकन उचलली. मिस्त्री किंचाळला. "अपेंडिक्स आहे. फुटायला आलंय," डॉक्टर म्हणाले. "तीन तासांचा रस्ता याला झेपायचा नाही." डॉक्टरीणबाई हात धुवायला पळाल्या. मिस्त्रीला माझ्यावर आडवं घातलं. मिस्त्रीची बायको त्याचा डबा घेऊन आली होती, ती डबा तिथेच टाकून मला ढकलायला लागली.

काय धावले मी! वळणावरची भिंत घाबरून मागे सरली, तिला अजून पोक आहे. आणि दारात पोचले तोच, ठण्ण!

अडकले. मागे घेतलं, पुन्हा पुढे घातलं. ठण्ण! दार दोन बोटं कमी पडत होतं.

"हे कसं झालं?" डॉक्टर म्हणाले.

"चार वीत, साहेब," मिस्त्री पडल्या पडल्या कण्हला आणि त्याने आपला पंजा वर केला. डॉक्टरांनी त्या पंजाला आपला पंजा लावला. त्यांची बोटं चांगली पेरभर वर निघाली.

"जन्मभर लोकांची पोटं मोजलीत," बाई म्हणाल्या, "मिस्त्रीचा हात तेवढा मोजायचा राहिला. आता बघत काय राहिलात?"

डॉक्टरांचा चेहरा मी तेव्हा जवळून पाहिला. घर दिलं, झाडं दिली, आणि ज्याच्यासाठी दिलं ते दार दोन बोटांसाठी अडून बसलं होतं. मिस्त्रीचा तर ओरडण्याचाही जोर संपत आला होता.

आता कान देऊन ऐका, कारण विश्वास बसणार नाही तो इथेच. मी श्वास आत ओढला. पोट खपाटीला नेलं. दोन्हीकडचे दांडे कुशीत घेतले, त्या बुटक्या चाकावर तिरकी झाले, आणि रोग्याला केसाचाही धक्का न लावता, सुईतून दोरा जावा तशी सर्रकन आत गेले! सगळे आ वासून बघत राहिले. टेबल बाजूला सारलं आणि ऑपरेशन माझ्यावरच झालं. दोन तास! आणि मी, जी जन्मात कधी एका जागी ठरले नाही, ती दोन तास खांबासारखी स्थिर उभी होते. पुढे मिस्त्री बरा झाला. त्याने स्वतः ते दार फोडून डॉक्टरांच्या वितीने रुंद केलं. मग त्या रुंद दारातून नव्या ट्रॉल्या आल्या, चकचकीत, चारही चाकं सारखी, आणि मला इथे आणून बांधलं. माझी तक्रार नाही. पण म्हणून सांगते मित्रांनो, जुन्या वस्तूला अडगळ म्हणू नका. तिला अधूनमधून पुसा, तिच्या चाकांना तेल घाला, कारण वेळ आली की तीच...

"खोटं!"

कोण बोललं ते? तू होय, प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेली?

"खोटं सांगतेस तू. तू आत गेलीच नाहीस. टिचकी मिस्त्री माझे बाबा आहेत. त्यांना चादरीसकट उचलून नेलं. डोक्याकडची टोकं बाईआजींनी धरली, पायाकडची डॉक्टरआजोबांनी, आणि दोन्ही बाजूंनी नर्सताई होत्या. आजोबा म्हणत होते, 'मिस्त्री, हलू नका, ही माझी कंबर आहे, तुमची परांची नाही.' तुला तर आधीच मागे ओढून भिंतीला लावलं होतं."

बरं बाई, आत नसेन गेले. पण दोन तास स्थिर उभी होते, ते तरी...

"तेसुद्धा खोटं. माझी आई दोन तास तुझ्यावरच बसून होती. ती सांगते, ब्रेक लावलेला होता, कुणी ढकलतही नव्हतं, तरी तू एक क्षण जागेवर राहिली नाहीस."