उभी रिक्षा

चंद्रप्पानं एकतीस वर्षं एसटी चालवली. रेणापूरला घर, लातूर डेपोत नोकरी. सकाळच्या पाळीला डेपोत मशीनमध्ये फुंकर मारायची आणि मगच स्टेअरिंगला हात लावायचा, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. दुसऱ्या दिवशी ड्युटी असली की भावकीतल्या लग्नातही तो जेवून सरळ घरी यायचा. रात्रीची दारू सकाळी मशीनवर येते, हे त्यानं दोन चांगल्या ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जाताना बघितलं होतं. मुलगा शिवप्रसाद मोटार शिकला तेव्हा त्याला पहिली गोष्ट हीच सांगितली होती.

त्यामुळे रविवारी साडेदहाला नांदेडहून फोन आला, तेव्हा बायको रत्नम्माला काय झालं ते सांगतानाही त्याची जीभ जड झाली. शिवप्रसाद नोकरीसाठी लातूरला खोली करून राहायचा; तिथूनच तो मित्राच्या लग्नाला नांदेडला गेला होता. पहाटेपर्यंत पिणं चाललं होतं. तीन तास झोपून तो गाडी घेऊन निघाला आणि तरोडा नाक्याजवळ एका रिक्षावर जाऊन आदळला. रिक्षावाल्याचा पाय मोडला. पोलिसांनी शिवप्रसादला धरून तपासणीला नेलं, गाडी जप्त केली. फोन करणारा होता रत्नम्माचा भाऊ मल्लिकार्जुन. त्याचं नांदेडला भुसार मालाचं दुकान होतं आणि सगळीकडे ओळखी होत्या. दाजी, तुम्ही फक्त या, बाकीचं मी बघून राहिलो, असं तो म्हणाला.

लातूरला गाडी बदलून चंद्रप्पा नांदेडला पोचला तेव्हा साडेतीन वाजले होते. ठाण्याच्या आवारात मल्लिकार्जुन वाट बघत उभा होता. तो घाबरलेला नव्हता, उलट जरा खुशीतच होता. त्यानं भराभर सगळं सांगितलं. जामीन ठाण्यातच होईल, सही बापानं करायची. पिऊन चालवल्याचं कोर्टात दंडावर भागेल. खरी कटकट पायाची. त्यासाठी वकिलाकडून एक कागद तयार करून घेतला आहे. रिक्षावाल्याची त्यावर सही आली की प्रकरण अर्धं मिटलं. जबाब घ्यायला पोलीस दवाखान्यात जायच्या आधी ती आली पाहिजे.

‘‘मी गेलो तर त्याची बायको अंगावर येती,’’ मल्लिकार्जुन म्हणाला. ‘‘तुम्ही जावा. तुम्ही ड्रायव्हर, तो बी ड्रायव्हर. तुमचं ऐकंल.’’

मुलाला न बघताच चंद्रप्पा तो कागद खिशात घालून सरकारी दवाखान्याकडे निघाला. पुढे कितीतरी दिवस त्याला एकाच गोष्टीचा स्वतःवर राग येत राहिला: कागद उघडून बघावा, हे त्याला वाटेत एकदाही सुचलं नव्हतं. पोरगं सुटलं पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

रिक्षावाल्याचं नाव रामकिशन. चाळिशीचा, बारीक अंगाचा माणूस. गुडघ्याखाली पाय बांधून ठेवला होता, दुसऱ्या दिवशी आत सळई घालायची होती. शेजारी त्याची बायको सरजाबाई उभी होती. चंद्रप्पानं आपण कोण ते सांगितलं आणि ती त्याच्याकडे बघतच राहिली.

‘‘सकाळी मामा येऊन गेला, आता बाप आला,’’ ती म्हणाली. ‘‘ज्यानं पाय मोडला तो कुठं हाय?’’

रामकिशननंच तिला गप्प केलं आणि चंद्रप्पाला स्टुलावर बसायला सांगितलं. एसटीत किती वर्षं काढली, कुठल्या रूटला होता, असं विचारू लागला. वेदनेनं त्याचा चेहरा पिळवटत होता, तरी वयानं मोठ्या माणसाशी तो अदबीनं बोलत होता. कागदाचं कळल्यावर म्हणाला, तुम्ही म्हणताव तर करतो सही. मला वाचता फार येत न्हाई, तेवढं वाचून दाखवा.

चंद्रप्पानं चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. नाव, पत्ता, तारीख. मग तिसऱ्या ओळीत लिहिलेलं होतं की, मी रिक्षा भरधाव चालवत असताना अचानक उजवीकडे वळवली, त्यामुळे समोरून येणाऱ्या कारची धडक बसली, चूक माझी आहे, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

तो थांबला. ती ओळ त्यानं मनातल्या मनात पुन्हा वाचली.

‘‘रिक्षा चालू होती का?’’ त्यानं विचारलं.

‘‘चालू कुठं, काका? कडेला उभी होती,’’ रामकिशन म्हणाला. ‘‘मी खाली बसून मागलं चाक बघून राहिलो होतो.’’

चंद्रप्पाच्या कानशिलात आग पेटली. कोणावर संतापावं तेच त्याला कळेना. मेव्हण्यावर, पोरावर, की स्टुलावर बसून हा कागद वाचणाऱ्या स्वतःवर? एका जखमी माणसाच्या तोंडून तो त्याच्याच विरुद्ध खोटं वदवून घ्यायला आला होता, आणि तो माणूस त्याला काका म्हणत होता.

सरजाबाईला सगळं कळलं होतं. ‘‘सही घ्यायला म्हातारा माणूस मुद्दाम धाडला,’’ ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. ‘‘सही झाली असती, तर उद्या इम्याच्या पैशासाठी आम्हाला कोणी दारात उभं केलं असतं का? रिक्षाबी ह्याचीच, पायबी ह्याचाच, आन् चूकबी ह्याचीच.’’

चंद्रप्पा उठला. ‘‘सही करू नको,’’ त्यानं रामकिशनला सांगितलं. ‘‘या कागदावर न्हाई, अन् दुसरा कोणी आणला तर त्याच्यावर बी न्हाई. पोलीस येतील. उभी होती म्हणून सांग.’’

परत येताना त्यानं रिक्षा केली नाही. चालतच आला. ठाण्यात फौजदारांच्या टेबलासमोर शिवप्रसाद बसला होता, मल्लिकार्जुन बाजूला उभा. शिवप्रसादच्या अंगाला अजून दारूचा वास येत होता. चंद्रप्पानं कागद टेबलावर ठेवला आणि फौजदारांना सांगितलं की, यात लिहिलंय ते खोटं आहे, तुम्ही आजच्या आज दवाखान्यात जाऊन जबाब घ्या.

मल्लिकार्जुनचा चेहरा उतरला. त्यानं दंडाला धरून चंद्रप्पाला व्हरांड्यात ओढलं.

‘‘दाजी, पोरगं तुमचं हाय का त्या रिक्षावाल्याचं?’’

‘‘माझं हाय,’’ चंद्रप्पा म्हणाला, ‘‘म्हणूनच लाज वाटून राहिली.’’

मल्लिकार्जुन बरंच बोलला. बहिणीकडे बघून आपण धावलो, उपकाराची ही परतफेड, पोराची नोकरी गेली तर जबाबदार कोण. मग तो निघून गेला तो पुन्हा आलाच नाही. नंतर त्यानं रत्नम्माला फोन करून सांगितलं की, तुझ्या नवऱ्यानं स्वतःच्या पोराला बुडवलं.

फौजदारांनी जामिनाचा कागद पुढं केला. चंद्रप्पानं पेन घेतलं नाही. तो मुलाकडे वळला.

‘‘आधी सांग, काय झालं.’’

शिवप्रसादनं सगळे पिणारे सांगतात तेच सुरू केलं. रात्रीच घेतली होती, झोपलो पण होतो, उतरली होती, रिक्षा मधेच आली. चंद्रप्पानं त्याला मधे तोडलं नाही. सगळं बोलून झाल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारला. तिसऱ्यांदा विचारला तेव्हा शिवप्रसादची मान खाली गेली.

‘‘दिसलीच न्हाई, अप्पा. डोळा लागला होता.’’

चंद्रप्पानं सही केली, पण इतकी दाबून की पेनाचं टोक कागदाच्या आरपार गेलं. मग त्यानं मुलाच्या मनगटाला धरलं आणि लहानपणी शाळेत न्यायचा तसं ओढत दवाखान्यात नेलं. रामकिशनच्या खाटेपाशी उभं केलं आणि आत्ता सांगितलंस ते यांना सांग म्हणाला. शिवप्रसादनं ते सांगितलं, फार हळू. रामकिशननं तोंड भिंतीकडे फिरवलं. सरजाबाई म्हणाली, ऐकलं, आता जावा. त्यापलीकडे त्यांना तिथं काही मिळालं नाही, आणि मिळावं अशी चंद्रप्पाची अपेक्षाही नव्हती.

दोन महिन्यांनी तारीख लागली. मामाच्या वकिलानं निरोप धाडला होता की, सगळं नाकारायचं. चंद्रप्पा सकाळच्या गाडीनं मुलाला घेऊन नांदेडला गेला. पिऊन चालवल्याचा गुन्हा शिवप्रसादनं कबूल केला. दंड झाला, लायसन सहा महिन्यांसाठी गेलं. पाय मोडल्याचा खटला पुढं चालणार होता. त्यात रामकिशनचा जबाब होता, आणि चंद्रप्पानं दिलेला कागदही. कोर्टाच्या फाटकाशी सरजाबाई दिसली. रामकिशन वॉकर घेऊन चार पावलं टाकतो, एवढं तिनं सांगितलं. ते तिनं शिवप्रसादकडे बघून सांगितलं.

परतीच्या गाडीत बापलेक एकाच बाकावर बसले होते. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. चाकूरच्या पुढं शिवप्रसाद बोलला.

‘‘मामानं मिटवलं असतं, अप्पा. तुम्हीच मला अडकवलं.’’

दोन महिने दाबलेला राग चंद्रप्पाला आवरला नाही. पुढच्या बाकावरची बाई वळून बघेल एवढ्या आवाजात तो म्हणाला, ‘‘तो खाली बसून चाक बघत होता, शिवा. वीतभर इकडं असता तर त्याच्या डोक्यावरून गेली असती गाडी. मग काय मिटवलं असतं तुझ्या मामानं?’’

शिवप्रसादनं खिडकीकडे तोंड केलं. लातूरच्या स्टँडवर तो उतरला आणि आपल्या खोलीकडे चालू लागला. चंद्रप्पानं त्याला हाक मारली नाही. रेणापूरची गाडी फलाटाला लागली होती, तो तिच्यात जाऊन बसला. घरी रत्नम्मा विचारणार होती, आणि तिला सगळं पहिल्यापासून सांगायचं, आजवर तिला न सांगितलेल्या, खिशात घालून नेलेल्या त्या कागदासकट, असं त्यानं ठरवलं.