वैजनाथरावांच्या फोनातला माईक

वैजनाथरावांचा फोन तिसऱ्यांदा दुरुस्तीला आला, तेव्हा त्यांनी तो टेबलावर ठेवला नाही. फेकला.

"पुन्हा तेच. मी बोलून राहिलो, समोरच्याला ऐकूच जाईना. बैल हाकल्यागत ओरडावं लागतं. काय डुप्लिकेट माल भरून राहिला रे तू?"

प्रभूनं फोन उचलला, कानाशी हलवून पाहिला. पुसेगावच्या फाट्यावरचं हे पत्र्याचं दुकान त्याचं होतं, पत्र्याखालची जागा वैजनाथरावांची. गावात टॉवर उभा राहून दोन पावसाळे झाले होते. फोन घेतलेले बरेच होते, तो उघडणारा एकटा प्रभू. राहायला भीमनगरात. परभणीला एका दुकानात झाडू मारता मारता शिकला होता.

"आज शेवटचं," वैजनाथराव म्हणाले. "नीट झाला तर झाला, न्हाईतर उद्या हा पत्रा उचल. लोकं मलाच विचारून राहिले, तुमच्या जागेवर बसून तुमालाच फसवतो व्हय म्हणून."

दुकानापुढं दोनचार माणसं उभी होती. त्यात मेंढरंवाला ज्ञानबा, चार्जर घेऊन आलेला. तो म्हणाला, "मालक, तुमचा आवाज फोनाशिवाय हिंगोलीला जातो. कशाला तकलीफ घेता?"

कुणी हसलं नाही. वैजनाथराव होते ना समोर.

प्रभूनं मागचं झाकण काढलं, बॅटरी काढली. स्क्रू सोडवून काचेच्या वाटीत टाकले. कडेनं नख फिरवून बॉडी उघडली, बटणांची रबरी पट्टी बाजूला केली आणि बोर्ड उजेडाकडं धरला. बोर्ड हिरवाच असतो. माईकपाशी होतं ते हिरवं वेगळं, न घासलेल्या तांब्याच्या भांड्यावर चढतं तसं. मागच्या वेळी त्यानं ते साफ केलं होतं, माईक तर दोनदा बदलला होता. या वेळी त्यानं बोर्ड नाकाशी नेला. पाण्याला असा वास येत नाही.

"पाण्यात पडला होता?"

"न्हाई."

"पावसात?"

"चैतात कोणता पाऊस? डोकं ठिकाणावर हाय का?"

"मग आत ओल कुठून आली?"

"ओल नसंल रे ती," वैजनाथराव म्हणाले. "तुझ्याकडून घरी नेला की आई जरा गोमूत्र शिंपडती. तुझ्या हातातून आला म्हणल्यावर... जुनं माणूस हाय. दोन थेंब. तेवढ्यानं काय होतं?"

तुरीचा भाव सांगावा तसं त्यांनी हे सांगितलं. आवाज खाली केला नाही. उभ्या असलेल्यांपैकी कुणी मान वर केली नाही, कारण त्यात मान वर करण्यासारखं त्यांना काही वाटलं नव्हतं. शिंपडायची चाल त्यांच्याही घरात होती. फक्त त्यांचे फोन एवढे नशीबवान नव्हते, ते तसेच खिशात जायचे.

म्हणजे असं चाललं होतं. प्रभूनं फोन दुरुस्त केला की तो बाटायचा. वैजनाथरावांच्या आईनं, मंजुळाबाईंनी, तो शुद्ध केला की बिघडायचा. आणि बिघडला की प्रभू चोर. फाट्यावर बोभाटा झाला होता, प्रभू डुप्लिकेट टाकतो. मंजुळाबाई काय टाकतात, हे कुणी विचारलं नव्हतं.

त्यानं ब्रश थिनरमध्ये बुडवला आणि बोर्ड घासायला घेतला. हिरवं निघून गेलं, वास थोडा राहिला. नवा माईक त्याच्याकडं नव्हता, हिंगोलीच्या दुकानातही संपला होता. टेबलाखाली त्याच्या मायचा, निर्मलाबाईचा फोन पडला होता. हेच मॉडेल, स्क्रीन फुटलेला. तो उघडून त्यानं त्यातला माईक काढला. ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. वैजनाथरावांच्या बोर्डावर बसवला, सोल्डर दिलं, बॉडी मिटवली आणि ज्ञानबाच्या फोनवर फोन लावला.

"हॅलो."

ज्ञानबा पार लिंबाखाली जाऊन उभा होता. "आला, आला! एकदम साफ!"

इथं प्रभू गप्प बसला असता तर पत्रा वाचला असता. गप्प बसणाऱ्यांचे पत्रे वाचतात.

"वैजनाथराव, ह्यात नवा माईक न्हाई," तो म्हणाला. "माझ्या मायचा हाय, तिच्या फोनातला. आता तुमी जे बोलाल ते तिच्या माईकातून जाईल. आईला सांगा, कितीबी शिंपडा, तो आत हाय. अन् शिंपडून बिघडला तर माझ्याकडं आणू नका. माझा माल डुप्लिकेट नव्हता. हे ज्यांनी ऐकलं त्यांनी गावात सांगावं."

वैजनाथरावांचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल.

"काढ तो."

"काढतो. मग फोन मुका ऱ्हाईल."

नांदेडहून त्यांच्या लेकीचा, पुनमचा फोन यायचा होता. दिवस भरले होते तिचे. वैजनाथरावांनी फोन खिशात घातला.

"उद्या इथं पत्रा दिसला न्हाई पाह्यजे."

दिसला नाही. प्रभूनं पत्रे गाडीवर घालून भीमनगरात आणले आणि घराच्या भिंतीला टेकवून दुकान उभं केलं. निर्मलाबाई कमरेवर हात ठेवून बघत होती.

"माझा माईक दिला व्हय रे त्या भाड्याला?"

"दिला."

"अन् मी कशात बोलू?"

"तुझा स्क्रीन फुटला होता, माय."

"बोलायला स्क्रीन काहून लागतो? तोंडानं बोलते मी."

लोक भीमनगरात आले. न येऊन सांगतात कुणाला? लांब उभे राहून हात पुढं करायचे, फोन द्यायचे. निर्मलाबाईनं पाणी विचारलं की त्यांना एकाएकी तहान नसायची. ज्ञानबा तेवढा तांब्याभर पिऊन जायचा, मिशा पुसत.

मग एक दिवस संतराम आला, वैजनाथरावांचा सालगडी. त्यानं पटक्यातून फोन काढला.

"मालकाचा हाय म्हणून सांगू नको म्हणले."

"मग सांगितलं काहून?"

"तू वळखणारच की."

प्रभूनं फोन हातात घेतला नाही. वरूनच पाहिला. खाली, बोलायच्या भोकावर, दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावलेली होती. नीट कापून, कोपरे दाबून.

"हे काय?"

"म्हातारीनं लावली. त्या भोकात तुमच्यातलं हाय म्हणती. आपल्या लेकाचं तोंड लागू नये."

"अन् तक्रार काय हाय?"

"आवाज जाईना."

निर्मलाबाई आतून जोरात हसली. प्रभू हसला नाही.

"फोन चांगला हाय. पट्टी काढा म्हणावं."

"तूच काढ की बाबा. नख लावलं की निघंल."

"मी लावलेली न्हाई ती."

संतरामनं फोनकडं पाहिलं. अंगठ्याचं नख पट्टीच्या कोपऱ्याला लावलं. मग नख काढून घेतलं, फोन पटक्यात बांधला आणि गेला.

पुनमला मुलगी झाली. तो सगळा उन्हाळा वैजनाथराव तिच्याशी बोलायला फाट्यावरच्या कॉइन बॉक्सवर जात होते. रुपया टाकायचे, रिसिव्हर तोंडाशी धरायचे आणि नातीचं विचारायचे. त्यांच्या आधी त्यात कोण बोलून गेलं, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.